पाणबुडी वर येतीच

छबुबाई म्हणजे तलवाड्यातली एक नंबरची हट्टी बाई. एकदा नाही म्हणाली की म्हशीनं बसकण मारली समजा. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला विलायतेहून पत्र आलं, आणि त्या हट्टाची नवीच तऱ्हा गावानं पाहिली.

पत्र मडमेचं होतं. चोवीस वर्षांमागं, नवरा गेल्यावर, छबुबाई मोमिनाबादच्या छावणीत कप्तानाच्या आणि या मडमेच्या तान्ह्या पोराला पाजायला राहिली होती. तिचा स्वतःचा चार महिन्यांचा धोंडीराम इकडं मावशीकडं, शेळीच्या दुधावर. साहेबाच्या पोराचं नाव जॉन, हिनं केलं जानबा. पाचव्या वर्षी तो विलायतेला गेला, आणि आता मोठ्या लढाईत आरमारात अधिकारी होता.

छावणीत कुणीतरी मराठीत उतरवून दिलेलं ते पत्र आप्पाराव मास्तरांनी वाचलं. "तुमचा जॉन ज्या पाणबुडीवर होता, ती बुडाली. पुन्हा वर आली नाही."

छबुबाई चक्क हसली. "अवो मास्तर, पाणबुडी बुडणारच की! तळ्यात रोज बघतो आमी ते पाखरू. हितं बुडी मारतंय, पार तिकडं निगतंय. त्येच्यावानीच बोट आसंल ती. येतीच वर!"

पाण्याखालून चालणारी लोखंडी बोट मास्तरांनी तरी कुठं पाहिली होती? त्यांनी पत्राची घडी घातली. तेव्हापासून छबुबाई रोज दुपारी तळ्यावर जाऊन बसू लागली. भाकर तिथंच, तीही अर्धी. धोंडीरामाला आधी राग आला. आपल्या वाटचं दूध प्यालेल्या त्या साहेबाचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. पण पंधरा दिवसांत आईच्या गळ्याची हाडं दिसायला लागली, तसा त्याचा जीव तुटू लागला.

पितरपाटातली घातचवदस आली. लढाईत गेलेल्याचं पान या दिवशी वाढतात. धोंडीराम तळ्यावर गेला.

"आई, घरी चल. जानबाचं पान वाढायचं हाय."

"जित्या माणसाचं पान वाढतेत का रं? जीभ झडंल तुजी!"

तो तिच्याजवळ बसला. "मी बीडला जाऊन इचारून आलो. लोखंडाची पेटी आसती ती, आई. पाणी आत शिरलं की वर येत न्हाई. पत्र हितं यायलाच लई महिने लागले."

 छबुबाई हळूच म्हणाली, "आत अंधार आसंल न्हवं? माजा पदर धरल्याबिगर झोपत नव्हतं रं ते."

"तीस जण होते संगं. एकला नव्हता."

"आसं का," ती म्हणाली. "पर पान कोन वाढंल? मी बाईमानूस. त्येच्या आईला पोटचं दुसरं न्हाई. भाऊ लागतो पान वाढायला."

 धोंडीरामाला मावशीचं अंगण, शेळी, आईची वाट बघत काढलेली ती पाच वर्षं, सगळं एकदम आठवलं.

"मी हाय की," तो म्हणाला. "एका दुधाचे आमी."

तेव्हा कुठं छबुबाई रडली. भर दुपारी, तळ्याच्या बांधावर, गाव बघतंय याची पर्वा न करता तिनं हंबरडा फोडला. धोंडीराम तिला धरून बसला.

घरी त्यानं आंघोळ केली, पान वाढलं, हातात पाणी घेतलं आणि तो अडला. साहेबाला गोत कुठलं, बापाचं नाव काय!

"काय म्हनू, आई?"

"धाकला म्हन. चार महिन्यांनी धाकला हाय तुज्याहून."

धोंडीरामानं पानाभोवती पाणी फिरवलं. "धाकल्या," तो म्हणाला, "जेव, बाबा. आईनं केलंय."