उलटा नऊ

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर लगेच शाळेच्या दप्तराकडे बघू नका, मित्रांनो. ती वेगळी, तिला बिचारीला थुंकी लावून पुसतात. मी एका छोट्या चर्चच्या भिंतीवर, व्यासपीठाच्या उजव्या हाताला असते. माझ्यावर एकाखाली एक तीन खाचा आहेत. रविवारच्या उपासनेत कोणती तीन गीतं गायची, त्यांचे आकडे या खाचांत बसवतात. लोक आत आले की आधी माझ्याकडे बघतात, मग गीतांचं पुस्तक उघडतात, आणि उपासना घेणाऱ्या पाळकांकडे त्यानंतर. फुशारकी मारत नाही हं, खरं तेच सांगते.

नवे बाक करताना एक फळी उरली, तिच्यातून मंडळीतल्या सुताराने मला घडवलं. आकड्यांच्या छोट्या पट्ट्या रंगवायला एक रंगारी आला. तो महा चिकट माणूस! त्याने शून्यापासून आठपर्यंत इंग्रजी आकडे काढले आणि ब्रश धुवायला घेतला. सुतार म्हणाला, "अहो, नऊ राहिला."

"राहिला कुठे? सहा उलटा करा, झाला नऊ. लाकूड कशाला वाया घालवता?"

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडी या एका वाक्यातून निघाल्या.

माझे आकडे बदलायचं काम गणितबाईंकडे होतं. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि चर्चसमोरच्याच घरात, वरच्या मजल्यावर, एकट्या राहायच्या. शनिवारी बरोबर पाचला त्या यायच्या. आधी रुमालाने मला पुसायच्या, मग पट्ट्यांची डबी उघडायच्या. घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक सहाच्या पायाशी तांबड्या शाईचा एक ठिपका दिला होता. ठिपका खाली असला तर सहा, वर गेला तर नऊ. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि एकदाही चूक केली नाही. चार पाळक आले आणि गेले. बाई होत्या तिथेच होत्या.

चूक झाली ती बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा. त्या आठवड्यात आकडे लावले घड्याळकाकांनी. हे मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि प्रवचन सुरू झालं की ते मनगटाकडे बघत बसतात, म्हणून हे नाव. त्यांना वाटलं, ठिपका म्हणजे कुठूनतरी उडालेला डाग. त्या दिवशी नेमकं लग्न होतं. लग्नाचं गीत शहाण्णव. काकांनी लावलं एकोणसत्तर, म्हणजे अंत्यविधीचं! नवरी दारातून आत आली आणि अख्खी मंडळी उभी राहून मोठ्या भक्तिभावाने तिला मातीत पोचवायला लागली. नवऱ्याची आजी तर खरोखरच रडली. पुढे कितीतरी दिवस काका बाईंच्या समोरून जायचं टाळत होते.

असे माझे दिवस मजेत चालले होते. मग ती साथ आली.

त्या रविवारी माझ्यावर ११४, २७ आणि २०३ हे आकडे होते. उपासना संपली, दाराला कुलूप लागलं, आणि पुढचे अकरा आठवडे मला कुणी हात लावला नाही. बाक रिकामे. हार्मोनियमवर चादर. माझ्या खाचांत धूळ साचली. रविवारी फक्त नवे पाळक यायचे. त्यांना येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. हळू बोलणारा, पटकन कानकोंडा होणारा माणूस. ते एका खुर्चीवर मोबाईल उभा करायचे, त्याला मागून दोन पुस्तकांचा टेकू द्यायचे आणि त्याच्यासमोर एकटेच उपासना घ्यायचे. आशीर्वाद द्यायला दोन्ही हात वर करायचे, तेव्हा समोर फक्त खुर्ची, आणि बाजूच्या भिंतीवर मी. "आमेन" म्हणायलाही कुणी नसायचं. त्यांचं तेच म्हणायचे, आणि मोबाईल बंद करायला पुढे व्हायचे.

त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. मला बोलता येत नाही, पण ऐकायची सवय होती. तीही गेली.

बाराव्या आठवड्यात चर्चच्या ऑफिसमधला फोन वाजला. पाळकांनी तो कानाला लावला आणि लगेच जरा लांब धरला. पलीकडून गणितबाई बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता.

"पाळकसाहेब, माझ्याकडे तो चेहरे दिसणारा फोन नाही. हा असा काळा डबा आहे. तुमची उपासना होते म्हणतात, पण मला ना ती दिसते ना ऐकू येते. मला मंडळीतून काढलंय का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण सांगा."

पाळक ओशाळले. असे आणखी किती असतील, ते त्यांनी मंडळीची यादी काढून बघितलं. चौदा निघाले. बहुतेक म्हातारे, आणि बहुतेक एकटे. पाळक बराच वेळ यादी हातात धरून बसले. मग उठले आणि मला खिळ्यावरून उतरवलं.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा रस्ता पाहिला! पाळकांनी मला फाटकाला बाहेरून टांगलं. शनिवारी आकडे लावायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघून घ्यायचे, रविवारी दहाला घंटा वाजली की ज्याने त्याने आपल्या खिडकीतून, दारातून तीच गीतं गायची, अशी ती युक्ती होती. घड्याळकाकांना ती मुळीच पसंत पडली नाही. "चर्चची वस्तू रस्त्यावर? भाजीच्या भावाच्या पाटीसारखी?" ते फाटकाबाहेरून कडाडले. "याला नेतृत्व म्हणत नाहीत, पाळकसाहेब." पाळकांचे कान तेवढे लाल झाले.

पहिल्याच शनिवारी त्यांनी १९६ ऐवजी १६६ लावला. समोरची खिडकी धाडकन उघडली.

"पाळकसाहेब! तुमचा नऊ डोक्यावर उभा आहे!"

पाळक दचकले. बाईंनी वरूनच त्यांना ठिपक्याची सगळी हकीकत ऐकवली. पाळकांनी नऊ सरळ केला, वर बघितलं आणि हसले. साथ आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग दर शनिवारी पाचला हे ठरूनच गेलं. पाळक खाली, बाई वर, मध्ये रस्ता. आकडे तपासून झाले तरी ते बोलत उभे राहायचे. नऊ येणार असला की पाळक कधीकधी तो मुद्दाम उलटा लावायचे. बाईंना ते कळायचं, तरी त्या ओरडायच्याच. मला तर हे फार आवडायचं.

एका शनिवारी पाळक म्हणाले, "बाई, मला हे झेपत नाही. या महिन्यात चार माणसं पुरली. नातेवाईक लांब उभे, मी लांब उभा. मंडळी माझं ऐकत नाही. काय सांगावं तेच मला कळत नाही."

बाई म्हणाल्या, "आठवीच्या वर्गात माझंही कुणी ऐकत नव्हतं. पण कोण आलं नाही, ते मला पहिल्या मिनिटाला कळायचं. सांगायचं काय ते नंतर बघा. आधी हजेरी घ्या."

दुसऱ्या दिवसापासून पाळकांनी हजेरी सुरू केली. रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीशी बसून यादीतल्या एकेकाला फोन. जेवलात का? औषध आहे का? ताप? कुणी घशाला सूज आलीय म्हटलं की बेकरीवाल्याकडून मऊ पाव घेऊन दारात पिशवी ठेवून यायची. कुणी फोन उचलला नाही की सायकल काढायची. मला फाटकावरून सगळं ऐकू यायचं. हळूहळू लोक स्वतःच फोन करायला लागले. घड्याळकाकाही एकदा म्हणाले, "तुमचा फोन आज सात मिनिटं उशिरा आला." त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

यादीत एकच नाव असं होतं, ज्याला पाळक फोन करत नव्हते. गणितबाईंना कशाला करायचा? त्या तर समोर दिसतात. खिडकी उघडी असते.

त्या गुरुवारी खिडकी उघडी होती, पण खिडकीत बाई नव्हत्या. शुक्रवारीही नव्हत्या. पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. मी बघत होते, मित्रांनो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, अरे, जरा वर बघा. पण मी पडले लाकूड.

शनिवारी पाचला पाळकांनी १०९ लावला आणि त्यातला नऊ मुद्दाम उलटा ठेवला. १०६. मग मागे सरकून, हाताची घडी घालून, ते ओरडा खायची वाट बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्यांनी वर बघितलं. खिडकी उघडीच होती. "डोळा लागला असेल," ते स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात ऑफिसमधला फोन वाजला आणि ते आत गेले.

रविवारी दहाला घंटा झाली. नऊ अजून बाईंसाठी उलटाच ठेवलेला होता, पण सकाळच्या फोनवर पाळकांनी सगळ्यांना १०९ सांगितलं होतं, आणि दारादारांतून तेच गाणं सुरू झालं. पाळक फाटकात उभे राहून गात होते आणि त्यांची नजर खिडकीवर होती. बाईंचा आवाज सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे असायचा, तो ऐकू येत नव्हता. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच पाळक थांबले आणि धावत रस्ता ओलांडून गेले.

बाई बिछान्यात होत्या. तीन दिवस ताप होता. उठून फोनपर्यंत जायचीही ताकद नव्हती. ॲम्ब्युलन्स आली. त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं, तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग चादरीतून हात काढला आणि मनगट हवेत असं फिरवलं, पट्टी उलटी करताना फिरवायच्या ना, तसं. दार लागलं. गाडी गेली.

पाळक फाटकाच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. "मी वाट बघत उभा होतो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "वीस पावलं होती हो, वीस पावलं."

बाई परत आल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून रस्त्यावर थांबायलाही बंदी आली. पाळकांनी मला आत आणलं. नऊ सरळ करायला हात पुढे केला, पण त्यांना ते जमलं नाही. कपड्यात गुंडाळून त्यांनी मला कपाटात ठेवलं. तिथे मी सात महिने अंधारात होते आणि माझ्या अंगावर तो उलटा नऊ होता.

चर्च उघडलं त्या रविवारी मला पुन्हा माझ्या खिळ्यावर लावलं, होते तशीच. बाकांवर माणसं लांब लांब बसली होती. पाळक व्यासपीठावर आले. प्रवचनाचा कागद नव्हता. हातात ती यादी होती.

"आधी हजेरी घेतो," ते म्हणाले.

ते नावं घेत गेले. बाकांवरून "आहे", "आहे" येत गेलं. काही नावांना उत्तर आलं नाही. तिथे पाळक थांबायचे आणि मग पुढे जायचे. सगळ्यात शेवटी त्यांनी गणितबाईंचं नाव घेतलं.

मग मागच्या बाकावरून घड्याळकाका उठले. सावकाश चालत माझ्यापाशी आले. चष्मा वर केला, तांबडा ठिपका शोधला, नऊची पट्टी काढली, फिरवली आणि परत बसवली. "आकडा उलटा होता, पाळकसाहेब," ते म्हणाले. पाळकांनी मान हलवली आणि १०९ सुरू केलं. जिथे तुटलं होतं त्या दुसऱ्या कडव्यापासून.

आता चर्चमध्ये पडदा आलाय. गीतांचे शब्द त्यावर मोठ्या अक्षरांत दिसतात आणि माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही. तरी घड्याळकाका शनिवारी पाचला येतात, रुमालाने मला पुसतात, ठिपका बघून आकडे लावतात. पाळक त्या वेळी नसतात. ते एकट्या राहणाऱ्यांच्या घरी गेलेले असतात. समोर नवे भाडेकरू आलेत. त्यांची खिडकी उघडी असते, आणि मला अजून तिथे कुणीतरी ओरडेल असं वाटतं.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पडदा आणलात, तेही ठीक. पण तुमच्या चुका काढणारं कुणी एक दिवस गप्प झालं, तर डोळा लागला असेल असं म्हणू नका. खिडकी उघडी दिसली म्हणून पुढे जाऊ नका. हाक मारा. उत्तर आलं नाही, तर रस्ता ओलांडा. त्याच दिवशी ओलांडा.