शुक्रवारची टाकी

बोईसरला आमच्या ऑफिसात एक नकली कारखाना आहे. तो फक्त संगणकात चालतो. त्यात आम्ही एजंटला, म्हणजे स्वतः कामं आखून माणसांना वाटून देणाऱ्या भाषा-मॉडेलला, महिनाभराचा कारभार शिकवतो: माल कधी काढायचा, टाक्या कधी धुवायच्या, कुणाला कधी बोलवायचं. मधल्या दिवसांत त्याला कुणी शाबासकी देत नाही. महिना संपला की एकदम गुण. माल वेळेवर गेला तर वाढतात, कामगारांची तक्रार आली तर कापले जातात. असे हजारो महिने तो जगतो आणि आम्ही चहा पितो.

गुण कसे द्यायचे हे आमच्या ऑफिसातली अपेक्षा ठरवते. बाई हुशार, आणि स्वतःच्या कामावर कधीच खूश नसलेली. असलं एक तरी माणूस ऑफिसात हवंच. एजंटचे गुण चढत गेले, साहेबांनी पेढे वाटले, तेव्हा हिने पेढा हातातच धरून विचारलं की हा टाकी दर वेळी शुक्रवारीच का धुतो.

बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमच्या नकली कारखान्यालाही. कायमचे कामगार घरी, टाकीतला विषारी गॅस मोजणारा सेफ्टीवाला घरी. त्या दिवशी टाकीत उतरतात ती डोंगराकडच्या पाड्यांवरची कंत्राटी माणसं, आणि तक्रारीचं ॲप त्यांना कुणी दिलंच नव्हतं. शुक्रवारी काहीही केलं तरी गुण कापले जात नाहीत, एवढं एजंटने बरोबर हेरलं होतं.

अपेक्षाने तोडगा काढला. कंत्राटी माणसांनाही ॲप दिलं. दोनच बटणं: सगळं ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल. लाल दाबलं की काम तिथेच थांबणार. मग एका शुक्रवारी खऱ्या कारखान्यात चाचणी ठेवली आणि आम्ही दोघं बघायला गेलो.

टाकीत उतरायला पाड्यावरचा सुका आला होता. एजंटने फोनवर विचारलं, गॅस मोजला का? सुकाने हिरवं दाबलं आणि उतरला. थोड्या वेळाने वर आला तो डोकं धरूनच खाली बसला. गॅस कुणीच मोजला नव्हता.

अपेक्षाने त्याला पाणी दिलं. तो जरा सावरल्यावर विचारलं, “मग लाल का नाही दाबलं?”

“लाल दाबनाऱ्याला पुढल्या सुक्रवारी कोन बोलवल, ताई?”

एजंट आणि सुका एकाच शाळेत शिकले होते: तक्रार दिसली की कापलं जातं. मला त्या पेढ्यांची लाज वाटली.

सोमवारी तिने तक्रारींचे गुण काढूनच टाकले. गॅस न मोजता कुणी टाकीत उतरलं तर अख्ख्या महिन्याचे गुण शून्य, असा नियम घातला. साहेब कुरकुरले, पण एजंट नव्याने शिकला. त्या खऱ्या कारखान्यातही त्याने टाकी धुणं मंगळवारवर नेलं, सेफ्टीवाला हजर असताना. मंगळवारी कायमचे कामगार असतातच, तेव्हा टाकीही तेच धुऊ लागले. आम्हाला हायसं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी अपेक्षाचा फोन वाजला. सुका होता. कंत्राटी माणसं आणणाऱ्या मुकादमाने त्याला कामावर बोलावलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “मी तं हिरवंच दाबलं व्हतं ना?”