अवधूतचा स्विंग

काखेत धरलेला पंचा पुन्हा खाली पडला आणि गोल्फचा बॉल उजवीकडे, जाळीपलीकडच्या डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंतीकडे भरकटत गेला. देवयानीने पंचा उचलला, झटकला आणि परत काखेत कोंबला. पंचा सुटला म्हणजे हात अंगापासून सुटला, आणि हात सुटला की बॉल कुणाचाच नसतो.

"हा प्रतापच्या कानाजवळून गेला असता," ती मागे व्हीलचेअरमध्ये बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. "पुढचा कानातच."

अवधूत हसला. स्ट्रोकनंतर त्याचा चेहरा अर्धाच हसायचा, आणि बोलण्यात 'हां', 'नाही', 'थांब' असे मोजके शब्द उरले होते. जानेवारीच्या थंडीत ती त्याला कानटोपी, दोन स्वेटर आणि वर ब्लँकेट अशा थाटात अ‍ॅशबर्नच्या गोल्फ रेंजवर, सरावाच्या मैदानात, आणून बसवायची. तेवढाच त्याला बदल, असं ती लोकांना सांगे. खरं म्हणजे सूड घ्यायला निघालेल्या बाईला एक साक्षीदार हवा होता.

प्रताप हा अवधूतचा जुना दोस्त आणि मराठी मंडळाच्या गोल्फच्या दिवसाचा कर्ताधर्ता. अवधूतचा स्विंग, म्हणजे बॉल मारायची ढब, पाहिल्या दिवसापासून तो त्याला 'आरती' म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. तरुणपणी क्रिकेटवर पोसलेला अवधूत गोल्फची काठी, क्लब, वर नेला की डोक्यामागे एकदा गोल फिरवायचा, अगदी तबक ओवाळावं तसा. मग डावी टाच उचलून धपकन टेकवायचा, आणि बॉल त्याच्या मर्जीने जाईल तिकडे जायचा. जेवणाच्या वेळी प्रताप उभा राहून याची नक्कल करी आणि अख्खं मंडळ आरतीच्या टाळ्यांचा ठेका धरी. अवधूत धडधाकट होता तोवर त्या टाळ्यांत देवयानीच्याही असायच्या.

पण गेल्या सप्टेंबरात अवधूत पहिल्यांदाच व्हीलचेअरमधून जेवायला आला, तरी प्रताप उठलाच. "आपल्या चॅम्पियनसाठी," म्हणाला, आणि ओवाळला क्लब. टाळ्या पडल्या. अवधूतही हसला, आणि हसताना तोंडाच्या कोपऱ्यातून रायतं हनुवटीवर ओघळलं. ते देवयानीने पुसलं. बाकी कुणाचं लक्षही नव्हतं. ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत त्याची नक्कल करतो हा माणूस, आणि लोक ठेका धरतात.

घरी येताना गाडीतच तिने ठरवलं. प्रतापला हरवायचं, आणि याच स्विंगने हरवायचं. शिकवणीतल्या देखण्या स्विंगने हरवण्यात काय मजा?

आता पंचाईत अशी की अवधूतला खेळताना कुणी कधी शूट केलंच नव्हतं. बायकोने तर नाहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले ते सगळे प्रतापच्या नकलेचे व्हिडिओ. मग तिने वैऱ्याचीच शिकवणी लावली. ओट्यावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती प्रतापला थांबवी, मागे नेई, तसूतसूने पुढे सरकवी. अवधूत शेजारून डोकावून बघे, 'हां, हां' करून हसे. एवढा चांगुलपणा तिला बघवत नसे.

लेकीने, सावनीने, बॉस्टनहून फोनवर समजावून पाहिलं. "आई, धिस इज नॉट हेल्दी. कुणाशी तरी बोल."

"बोलते की. सप्टेंबर होऊ दे."

रेंजवरच्या कोचने आधी कपाळाला हात लावला. तो गोल काढून टाका, टाच खाली ठेवा, असं त्याने परोपरीने सांगितलं. बाई ऐकत नाही म्हटल्यावर त्याने हात टेकले आणि मुद्द्याचं तेवढं सांगितलं: वर काय नाच करायचा तो करा, पण दर वेळी तोच करा, आणि बॉलला भिडताना क्लबचं तोंड सरळ ठेवा. मग पडद्याचा जुना रॉड जमिनीवर ठेवून त्याच्या रेषेत पाय रोवणं आलं. क्लबच्या तोंडाला अवधूतची टाल्कम पावडर फासून बॉलचा ठसा कुठे उमटतो ते बघणं आलं. सुरुवातीला ठसे माशा बसाव्यात तसे कुठेही. मार्च संपेस्तोवर सगळे मधोमध, रुपयाएवढ्या जागेत. लय सापडेना तेव्हा तिने मनात त्याच टाळ्यांचा ठेका धरला. ज्या टाळ्यांनी अंगाची लाही झाली होती त्यांच्यावर हात वर जाऊ लागले, क्लब फिरू लागला, टाच टेकू लागली. पंचा काखेत चिकटून राहू लागला. राग मास्तर म्हणून फार चांगला. एक दिवस खाडा करत नाही.

सप्टेंबर आला. आठव्या होलवर दर वर्षीची पैज होती: ज्याचा बॉल एका फटक्यात होलमधल्या झेंड्याच्या सगळ्यात जवळ तो जिंकला. प्रताप ही पैज सोडत नसे. यंदाही त्याचा बॉल झेंड्यापासून दोन हातांवर जाऊन थांबला.

"वहिनी, तुम्ही पुढच्या टीवरून, त्या जवळच्या खुणेपासून, मारा हं. लेडीज टी आहे ती," तो अदबीने म्हणाला.

"नको, प्रतापराव. तुम्ही उभे होतात तिथूनच मारते. नंतर बोलायला जागा नको."

क्लब वर जाऊन गोल फिरला तशी मागे कुणीतरी खुसखुसलं, दोन टाळ्याही पडल्या. टाच टेकली. बॉल उंच गेला, ग्रीनच्या हिरवळीवर उतरला, प्रतापच्या बॉलला ओलांडून झेंड्यापासून वीतभरावर थांबला.

"लक," प्रताप म्हणाला.

"असेल." तिने खिशातून दुसरा बॉल काढला. तोच गोल, तीच टाच. बॉल पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. ती तिसरा काढू लागली.

"पुरे, वहिनी."

जेवणाच्या वेळी प्रताप सवयीने उठला. क्लब डोक्यामागे नेला, फिरवला. टाळ्या सुरू होणार तोच मंडळाची सेक्रेटरी प्रीता म्हणाली, "अय्या, हा देवयानीची नक्कल करतोय. हरला ना, म्हणून."

सगळे हसले, प्रतापला हसले. कुणीतरी 'देवयानी स्विंग' असं बारसंही उरकून टाकलं. प्रतापने क्लब खाली घेतला. त्याचे कान लाल झाले होते. दोन घास खाल्ल्यासारखे करून तो बॅग उचलून बाहेर गेला. देवयानीने ताटातला गुलाबजाम अर्धा अर्धा करून, पाक निपटून खाल्ला. वर्षभरात इतकं गोड काही तिच्या तोंडात गेलं नव्हतं.

मग तिने अवधूतकडे पाहिलं.

त्याने चमचा बाजूला ठेवला होता. चांगल्या हाताने शर्ट खाली ओढून नीट केला होता आणि पाठ ताठ केली होती, आपलं नाव पुकारलं जाणार असलेल्या माणसासारखी. अर्धं हसू चेहऱ्यावर तयार होतं. टाळ्या का पडत नाहीत ते त्याला कळत नव्हतं.

वर्षातून एकदा, मिनिटभर का होईना, तो सगळ्यांसमोर उभा राहायचा. प्रतापच्या पायांवर का होईना.

ती पार्किंग लॉटकडे पळत सुटली. प्रताप डिकी बंद करत होता.

"प्रतापराव, चला ना आत. एकदा करून दाखवा."

"कशाला, वहिनी? आता ते तुमचं झालं."

"त्याचं आहे ते."

"होतं," प्रताप म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मी तेवढंच सांभाळत होतो. तुम्ही माझ्यापेक्षा छान करता."

तो गाडीत बसला. तिने खिडकीच्या काचेवर टकटक करायला हात उचलला, आणि केली नाही.

ती परत आली तेव्हा हॉल रिकामा झाला होता. वेटर टेबलांवरची कापडं ओढून काढत होते, खुर्च्या एकीत एक घालत होते. अवधूत एकटाच, होता तसा ताठ बसून होता.

"चल रे, घरी जाऊ," म्हणत ती ब्रेक सोडायला वाकली. त्याने चांगल्या हाताने चाक घट्ट धरलं.

"थांब," तो म्हणाला, आणि प्रताप जिथे उभा राहायचा त्या जागेकडे बघत राहिला.