गुलाबाचा तुकडा

"पन्नास," यंत्रातला आवाज म्हणाला, आणि अर्नफिननं आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

शेजारच्या खुर्चीवर सहवैमानिक तिरिल होती. तिचा डावा हात इंजिनांची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दोन दांड्यांवर होता. चाळीस फूट, तीस फूट. तिनं विमानाचं नाक किंचित उचललं, दांड्या सावकाश मागे ओढल्या आणि पडद्यावरची बूदो विमानतळाची धावपट्टी चाकांखाली कधी आली ते कळलंसुद्धा नाही.

"लोणी!" पाठीमागच्या खुर्चीतून परीक्षक गुनवोर ओरडली. "सहावं उतरणं. सहाच्या सहा लोणी. बये, मग तुला माझ्याकडे पाठवलंय तरी कशाला?"

तिरिल हसली नाही. अर्नफिन तर नाहीच नाही.

ते विमान नव्हतं, विमानाचं सोंग होतं. गार्डरमोएन विमानतळावरच्या एका उंच शेडमध्ये, यांत्रिक पायांवर डोलणारी खोली. पण आत बसलं की घाम खराच येतो. तिरिलला नोकरीत अजून वर्षही झालं नव्हतं, आणि आजच्या कागदावर गुनवोरची सही झाली नाही तर ते होणारही नव्हतं. ज्या जोडीनं विमान आदळलं तीच जोडी पुन्हा शेजारी बसवायची, ही गुनवोरची पद्धत. म्हणून कॅप्टनच्या खुर्चीवर अर्नफिन.

तीन आठवड्यांपूर्वी खऱ्या बूदोला खरं विमान आदळलं होतं. कोणाला लागलं नाही, पण डोक्यावरचे कप्पे उघडून सामान खाली आलं आणि विमान दोन दिवस तपासणीला उभं राहिलं. दांड्या वेळेआधी मागे आल्या, एवढं नोंदयंत्रानं सांगितलं. कोणाच्या हातानं आल्या, हे त्याला कळत नाही. ते फक्त दोघांना माहीत होतं. वाऱ्याचा झोत आला, विमान तरंगत राहिलं, ओली धावपट्टी खालून सरत गेली, आणि ती संपेल या धास्तीनं अर्नफिनचा हात तिरिलच्या हातावर पडला.

अहवाल कॅप्टननं लिहायचा असतो. त्यानं लिहिलं, 'इंजिनांची शक्ती वेळेआधी कमी झाली. विमान सहवैमानिक उतरवत होती.' दोन्ही वाक्यं खरी होती. करून सवरून नामानिराळं राहायचं तर असंच लिहावं लागतं.

वैमानिकांच्या खोलीत एक जुनी रीत होती. ज्यानं आदळलं त्यानं केक आणायचा. एकतीस वर्षांत अर्नफिननं एकदाही केक आणला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतः फारशी सांगत नसे, कारण सांगायला दुसरे पुष्कळ होते. तिरिलनं आणला. बदामाच्या आवरणाचा पांढरा केक, मधोमध गुलाब. पहिला तुकडा तिनं अर्नफिनला दिला, आणि त्यानं तो मूग गिळावेत तसा गिळला.

"अर्नफिन, हातावर काय बसलायस? थंडी वाजतेय?" गुनवोरनं विचारलं.

"हो. जरा."

चोराच्या मनात चांदणं. त्याचे कान तापले.

"शेवटचं," गुनवोर म्हणाली. "आता वारा सोडते. अस्सल बूदोचा."

दहा मैल. पाच. एक. खोली हिंदकळत होती. पन्नासच्या हाकेला खालून झोत आला आणि विमान तरंगलं. तिरिलनं घाई केली नाही. धावपट्टी खालून सरू लागली, आणि मांडीखालचा हात कधी सुटला ते अर्नफिनला समजलंच नाही.

धाडकन आवाज झाला. खोली हादरली. त्याचं पेन खाली पडून घरंगळत गेलं.

गुनवोर आलेखात डोकं घालून बसली होती. वर न पाहताच ती बोलली, आणि आवाजातलं लोणी गेलं होतं.

"तिरिल. पस्तीस फुटांवर दांड्या मागे. तेच गं, अगदी तेच. वारा नाही तोवर लोणी, वारा आला की धोंडा. अशी सही कशी करू मी?"

तिरिलनं अर्नफिनकडे पाहिलं नाही. तिचा हात दांड्यांवर होता, आणि तिच्या हातावर अजून त्याचा. ती पुढचा पडदा बघत राहिली. आताही काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा जड गेलं नसतं. हे आपल्याला किती सोपं आहे, ते बघून त्याला स्वतःचीच किळस आली.

"हात माझा होता," तो म्हणाला.

"काय?"

"दांड्या मी ओढल्या. तिनं नाही."

गुनवोर उठून दोघांच्या मधे आली. तिनं दोन्ही हात पाहिले, एकावर एक.

"आत्ता?"

"आत्ता." त्यानं हात काढून घेतला. "आणि बूदोलाही."

गुनवोरनं मान वळवून अर्नफिनकडे पाहिलं.

"तो अहवाल तूच लिहिला होतास ना?"

"हो."

"मग दुसराही तूच लिही. आज. घरी जायच्या आत." ती आपल्या खुर्चीकडे परतली.

अर्नफिननं खाली वाकून पेन शोधलं. वर येताना तो हळूच म्हणाला, "तू का नाही बोललीस?"

"माझे आठ महिने, तुमची एकतीस वर्षं. कोणी ऐकलं असतं?" तिरिलनं पट्टा सारखा केला. "आणि मला वाटलं, तुम्हीच सांगाल. केक कापला तेव्हा मी सुरी धरून थांबले होते. सगळ्यांदेखत. आठवतं?"

"हो."

"तुम्ही म्हणालात, गुलाब आहे तो दे."

गुनवोरनं विमान पुन्हा दहा मैल मागे नेऊन ठेवलं. वारा तोच ठेवला. तिरिलनं डावा हात दांड्यांवर ठेवला आणि अर्नफिन पडद्याकडे बघत बसला, दोन्ही हात समोर, गुडघ्यांवर, तिला दिसतील असे.