रावेतला उशिरा पोचलेला तंबू

मित्रांनो, चिंचवडच्या शाळेच्या माळ्यावर खडूच्या खोक्यांमागं जे खाकी गाठोडं पडलंय, ते पोतं नाही. मी एक जुना तंबू आहे. उंदरांनी मला इतक्या खिडक्या पाडल्यात, की शिंप्यानं तेवढ्या कधी ठेवल्या नव्हत्या.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत कानपूरच्या गिरणीत झाला. लढाई काही मी पाहिली नाही. दिघीकडच्या गोदामात घडी होऊन पडलो होतो, तोवर ती संपली. मग फाळणी झाली आणि पिंपरीला निर्वासितांची छावणी वसली. तिथं दोन वर्षं मी एका कुटुंबाचं घर होतो. माझ्याखाली चूल पेटली, एक बाळंतपण झालं, एक म्हातारा गेला. त्यांना विटांची खोली मिळाली, तेव्हा जाताना त्या घरच्या बाईनं माझा खांब पुसला होता. त्यानंतर मी लिलावात गेलो आणि १९५४ साली स्काउट-गाइडच्या स्थानिक संघानं मला ऐंशी रुपयांना घेतलं.

हा संघ म्हणजे काय, ते सांगायला हवं. खाली शाळाशाळांत मुलामुलींची पथकं असत आणि त्यांना शिकवायला शिक्षक असत. वर समिती असे. तिच्यात अध्यक्ष, कमिशनर, चिटणीस. समितीतल्या कुणालाच दोरीची गाठ मारता येत नव्हती, पण सही मात्र सगळ्यांना येत होती. पैसा यायचा तो असा: प्रत्येक मुलामागं वर्षाला चार आणे नोंदणी, त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जात. एक दिवस कागदी झेंडे विकायचे. कुणी देणगी दिली तर ती. आणि शेवटी 'खरी कमाई', म्हणजे आठवडाभर मुलांनी स्वतः घाम गाळून चार पैसे मिळवायचे.

माझी निम्मी किंमत त्या खऱ्या कमाईतून आली. मुलांनी सायकली धुतल्या, मुलींनी शेंगा फोडल्या. आकुर्डीच्या इंद्रायणीनं गोवऱ्या थापून विकल्या आणि एक रुपया दोन आणे आणले. मला पहिल्यांदा उभारलं तेव्हा ती कनातीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, ह्यातला माझा तुकडा कंचा?"

गाइडच्या शिक्षिका शालनबाई म्हणाल्या, "मोजून सांगते. आधी शेणाचे हात धू, नाहीतर सगळाच तुझा होईल."

ते हसणं मला अजून आठवतं. तसं पुन्हा फारसं ऐकायला मिळालं नाही, कारण चिटणीस बबनरावांना एक युक्ती सुचली. "पडून राहिला तर कुजेल. भाड्यानं देऊ. पोरांच्याच फंडात भर!" मग मी लग्नांत उभा राहिलो, जत्रेत उभा राहिलो, बैलांच्या बाजारात उभा राहिलो. वऱ्हाड्यांनी विड्या टेकवून मला भोकं पाडली, आणि भाड्याचे पैसे त्या ठिगळांत जाऊ लागले. म्हणजे मी माझ्याच ठिगळांसाठी राबत होतो. दोन वर्षांत मुली माझ्याखाली झोपल्या एक रात्र.

१९५६ च्या एप्रिलात रावेतला पवनेकाठी गाइडचं तीन दिवसांचं शिबिर ठरलं. इंद्रायणीची आई ठकुबाई लेकीला पाठवायला तयार नव्हती. एके दिवशी ती डोईवरची पाटी शाळेच्या फाटकात ठेवून थेट मला बघायला आली. सरावासाठी मला अंगणात उभारलं होतं. तिनं आत शिरून मला चारी बाजूंनी दाबून पाहिलं, बैल घेताना पाहतात तसं.

"बंद हुतोय का समदीकडनं?"

"होतो. आतून दोऱ्या बांधायच्या," शालनबाई म्हणाल्या.

"पाऊस आला तर?"

"थेंब येत नाही."

"मग धाडते. पर बाई, पोर उघड्यावर ऱ्हायची न्हाई. तंबू हाय म्हनून धाडते, सांगून ठिवते."

"माझा शब्द आहे, ठकुबाई."

शालनबाईंनी नोंदवहीत त्या तीन दिवसांपुढं माझं नाव लाल शाईनं लिहून ठेवलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी बबनराव घाईघाईनं आले. पिंपरीच्या एका नव्या कारखान्याचे साहेब संघाला पाचशे रुपये देणार होते. सत्कार दुसऱ्याच दिवशी, आणि त्यासाठी मी हवा होतो.

"पाचशे, बाई! चार तंबू येतील."

"मला चार नकोत. हाच हवाय, आणि उद्या हवाय."

"दोनला सभा संपते. गेनबाची बैलगाडी जुंपून उभी ठेवतो. पोरींचा भात शिजायच्या आत तंबू रावेतात. एका दुपारसाठी एवढं काय ताणताय?"

पाचशे रुपयांना नाही म्हणणारी बाई कुठल्या समितीला आवडते? शेवटी शालनबाईंनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी मुली सकाळीच चालत रावेतला गेल्या आणि मी पिंपरीत उभा राहिलो. माझ्या दारावर फलक होता, 'मुलांच्या सेवेसाठी'. साहेब आले तीन वाजता. मग हार झाले, चहा झाला, अध्यक्ष बोलले. कमिशनर मारुतराव उभे राहिले आणि 'नेहमी तयार राहा' या आपल्या ब्रीदावर पाऊण तास बोलले.

त्या भाषणात गाडीवाला गेनबा वाकून आत आला. "बबनराव, रावेताकडं आभाळ लई काळं झालंया. मेखा उपटू का?"

"अरे येड्या, कमिशनरसाहेब बोलतायत. त्यांच्या डोक्यावरनं काढतोस का तंबू?"

पुढच्या खुर्च्या हसल्या. गेनबा तोंड पाडून बाहेर गेला आणि बैलांपाशी उभा राहिला.

मित्रांनो, वळवाचं असंच असतं. एका गावाला झोडपून काढतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. पिंपरीत एक थेंब पडला नाही. टाळ्या झाल्या, आभार झाले, आणि पाच वाजून गेल्यावर गेनबानं एकट्यानं मला सोडून गाडीत घातलं.

रावेतला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. वळकट्या चिखलात लोळत होत्या. गारा सुरू झाल्या तशा शालनबाई सगळ्या मुलींना घेऊन नदीकाठच्या पडक्या चौकीत शिरल्या होत्या. दुसरा आडोसाच नव्हता. चौकीची भिंत कच्च्या विटांची. ती भिजली आणि आतल्या बाजूला बसली. चार मुलींना लागलं. इंद्रायणी विटांखाली सापडली, आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यात श्वास नव्हता.

वाऱ्यानं मीही पडलो असतो, कबूल आहे. पण कापड पडलं असतं. कापडाखालून पोरं हसत बाहेर येतात.

जखमी मुलींना गाडीत घ्यायचं म्हणून गेनबानं मला चिखलात उतरवलं. शालनबाईंनी माझी एक कनात सोडली आणि इंद्रायणीवर पांघरली.

पुढच्या रविवारी शाळेच्या अंगणात शोकसभा झाली. ऊन फार म्हणून मलाच उभारलं. बबनरावांनी त्या दिवशी भाडं लावलं नाही. तसं त्यांनी दोघांतिघांना सांगितलंही. ठराव वाचला गेला: 'निसर्गाच्या कोपामुळे घडलेल्या दुर्घटनेबद्दल संघ दुःख व्यक्त करीत आहे.'

शालनबाई नोंदवही घेऊन उभ्या राहिल्या. "तंबू त्या दिवशी मुलींच्या नावावर होता. हे लाल अक्षर बघा. तो सत्कारासाठी अडकवला, आणि मी अडकवू दिला. ठरावात हेही लिहा."

मारुतराव खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ही वेळ नाही."

"वेळ त्या दिवशी दोनची होती, साहेब."

कुणी काही लिहिलं नाही. ठकुबाई मात्र सभेत नव्हती. ती बाहेर, भर उन्हात, फुफाट्यात बसली होती. मारुतराव स्वतः तिला बोलवायला गेले. "आत या, बाई. सावली आहे."

ती उठली नाही. "असू द्या. हितनं समद्यांची त्वांडं दिसत्यात."

मारुतराव परत येऊन बसले. त्यानंतर माझ्याखाली कुणालाच नीट बसवेना.

शालनबाईंची पुढं चाकणकडं बदली झाली. मी आणखी काही लग्नं केली. पण लोकांत कुजबुज झाली, 'हा मढ्यावर घातलेला तंबू', आणि मला माळ्यावर टाकलं. उंदरांचा मला राग नाही. फाटण्याचं दुःखही नाही. त्या दुपारी मी कोरडा राहिलो, याचीच लाज वाटते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या नावानं घेतलेली वस्तू, तंबू असो, चेंडू असो, औषधाची पेटी असो, कपाटात किंवा कुणाच्या मांडवात अडकली असेल, तर ती मागा. 'उद्या देतो' म्हणाले तर उंबऱ्यात बसून मागा. मोठे हसतील, हसू द्या. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन समितीच्या खुर्चीवर बसाल, तेव्हा कुणी गाडीवाला वाकून आत आला, तर भाषण तिथंच तोडा आणि आधी त्याच्याबरोबर मेखा उपटायला चला.