पायरीपाशी काढलेले बूट

इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका क्लबात दर रविवारी दुपारी अमेरिकन कंट्री म्युझिक चालायचं, आणि गाणारे झाडून सगळे पुरुष. १९८६ साली हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर सुलक्षणा गिटार घेऊन तिथे गेली, तर क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "सँडविच करायला आलात ना? माझी बायको आहे बघा किचनमध्ये."

"गायला आलेय," सुलक्षणानं ठणकावलं.

तिचं नाव पुकारलं. स्टेजच्या पायरीपाशी तिनं मुद्दाम घेतलेले काउबॉय बूट काढून ठेवले आणि स्टेजला हात लावून नमस्कार केला. पुण्यातल्या गाण्याच्या क्लासपासूनची सवय; तिच्या लक्षातही आलं नाही. हॉलमध्ये खसखस पिकली. "मोजेपण काढा की!" कुणीतरी ओरडलं.

तिचं डोकंच फिरलं. तिनं खरोखर मोजे काढले, आणि दिवसभर परक्यांना झोपवून रात्री स्वतः जागणाऱ्या बाईचं, स्वतःच रचलेलं गाणं असं म्हटलं, की किचनमधली सुरी थांबली.

पुढच्या रविवारी ती पोचली, तेव्हा पायरीपाशी कुणाचे तरी झिजलेले सँडल आधीच होते. वर स्टेजवर सेक्रेटरीची बायको अनवाणी उभी होती.

"आजची सँडविच नवरा करतोय," ती माइकवर म्हणाली, आणि तिनं सूर लावला.