शिंपीमास्तरांची बिनरस्त्याची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण रस्ता कसा असतो ते मला विचारू नका. माझं जड चाक जागच्या जागीच फिरतं. कारखान्यातून निघाले ती थेट शिंपीमास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत येऊन बसले.

मास्तरांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळी चुकवायची नाही आणि चांगला घाम निघेपर्यंत व्यायाम करायचा. हे प्रेशर गुपचूप मेंदूलाही पोखरतं, मास्तर." आणि मास्तरांचा मेंदू म्हणजे काय चीज होती! गिऱ्हाइकाची मापं ते कधी लिहून घेत नसत. एकदा टेप फिरवली की छाती, खांदा, बाही सगळं डोक्यात पक्कं. ते डोकं शाबूत राहावं म्हणून तर मला आणलं होतं. सुरुवातीला रोज सकाळी मला असे दामटायचे की माझी चेन कुरकुरायची. "शाबास गं पोरी!" म्हणत हँडलवर थाप मारायचे. मला फार बरं वाटायचं.

मग दुकानातलं काम वाढलं आणि मी नुसती पडून राहिले. लेकीने हटकलं, "बाबा, सायकल का सोडलीत?"

"अगं, दिवसभर मशीनवर पाय चालतोच की माझा! तो काय फुकट जातो?"

इथेच घात झाला. बसल्या जागी पाऊल हलवून कुठला घाम यायला! पण माझं ऐकतो कोण? माझ्यावर अर्धवट शिवलेले कोट लटकू लागले आणि त्यांच्या आडून मी सगळं बघत राहिले. आधी मास्तरांना कात्री सापडेना. पुढे गोळ्या घ्यायच्याही राहू लागल्या. मग एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. मास्तर हसले खरे, पण तो कोट त्यांनी घाईघाईने माझ्यावरच्या ढिगाखाली दडवला. मला तर धडकीच भरली.

परवा लेक नव्या कोटाचं माप द्यायला उभी राहिली. मास्तरांनी सराईत हाताने टेप फिरवली आणि अदबीने विचारलं, "कोट कुणाच्या नावाने शिवायचा, ताई?"

"अहो बाबा, मी!" तिला रडू फुटलं.

मला टाळलं म्हणूनच हे झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काल लेक डॉक्टरीणबाईंकडून आली, ती स्वतःचंही प्रेशर वाढल्याचं ऐकूनच. तिने माझ्यावरचे कोट बाजूला सारले, सीटवर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. पर्स माझ्या हँडलला अडकवून ती निघून गेली. पर्स अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्ही तरी तिला हाक मारा. म्हणावं, सायकल गंजलीय, पण पॅडल फिरतंय अजून. बस गं बाई, आत्ताच बस!